कलामांच्या घरी जायचंय? नागपूरहून सहकुटुंब रामेश्वरला निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या एप्रिलअखेर आम्ही पाच जण रामेश्वरला जाऊन आलो. मी, नवरा, सहावीतला मुलगा, पहिलीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना कित्येक वर्षांपासून रामेश्वर करायचं होतं आणि मुलाला डॉ. कलामांचं घर बघायचं होतं. दोघांचा हट्ट एकाच बेटावर पुरा होतो हे कळल्यावर तिकिटं काढायला वेळ लागला नाही. परत आल्यापासून मात्र जिन्यात, भिशीत, शाळेच्या फाटकाशी तेच तेच प्रश्न. शेवटी नवरा म्हणाला, "एकदाचं लिहून टाक ना, रोज रोज काय सांगून राहिली." म्हणून हे.

कलामांचं घर म्हणजे नेमकं कोणतं? राष्ट्रपती भवन तर दिल्लीला आहे.

दिल्लीचं घर पाच वर्षांचं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम २५ जुलै २००२ पासून २५ जुलै २००७ पर्यंत राष्ट्रपती होते, देशाचे अकरावे. आपण बोलतोय ते त्यांच्या लहानपणच्या घराबद्दल. १५ ऑक्टोबर १९३१ ला रामेश्वरला त्यांचा जन्म झाला आणि तिथल्या मशीद रस्त्यावरच्या वडिलोपार्जित घरात ते वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेलं, चुन्या-विटांचं, ऐसपैस पक्कं घर, असं वर्णन त्यांनीच करून ठेवलंय.

ते वर्णन डोक्यात ठेवून गेलात तर गोंधळाल. आता तिथे रंगवलेली, मजले चढलेली इमारत उभी आहे. आजूबाजूला दुकानं, स्कूटर, विजेच्या तारा. आमच्या धाकटीने घरासमोर उभं राहून विचारलं, "घर कुठं आहे?"

नागपूरहून कसं जायचं?

दोन वाटा आहेत. पहिली चेन्नईची. तामिळनाडू एक्स्प्रेसमध्ये दिवसा बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन्नई सेंट्रल, आणि संध्याकाळी तिथून रामेश्वरची गाडी. ती रात्रभर चालून पहाटे पोचवते. मधला अख्खा दिवस चेन्नईत काढावा लागतो. लेकरं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर स्टेशनजवळ चार तास खोली घ्या, पैसे वसूल होतात.

दुसरी वाट मदुराईची. दिल्लीहून मदुराई-कन्याकुमारीकडे जाणाऱ्या काही गाड्या नागपूरला थांबतात. तमिळनाडू संपर्क क्रांती आणि तिरुक्कुरल त्यातल्या. त्या रोज नसतात, दिवस जुळवावे लागतात. मदुराईहून रामेश्वर रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. मीनाक्षीचं दर्शन होतं हा फायदा. पुढच्या वेळी मी हीच वाट घेईन.

चेन्नईत गाडी बदलताना काय चुकतं?

स्टेशन चुकतं. आमची तिकिटं ज्याच्याकडून काढली त्याने "चेन्नईला उतरा, चेन्नईहून बसा" एवढंच सांगितलं. आम्ही सामान घेऊन सेंट्रलवरच फतकल मारून बसलो. संध्याकाळी हमालाने तिकीट बघून कपाळावर हात मारला, कारण रामेश्वरची गाडी एग्मोरहून होती. दोन्ही स्टेशनं फार लांब नाहीत, पण पाच माणसं, सात डाग आणि संध्याकाळची गर्दी. गाडी सुटायला सहा मिनिटं असताना डब्यात चढलो. सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. काही गाड्या तांबरमहूनही सुटतात, तेव्हा तिकिटावरचं स्टेशनाचं नाव घरी बसून नीट वाचा.

पांबनचा पूल गाडीतून दिसतो का?

उजेड असेल तर. जाताना आमचा पूल पहाटेच्या अंधारात गेला, फक्त चाकांचा आवाज बदलला. मुलाला उठवलं होतं, तो खिडकीशी नाक लावून म्हणाला, "काहीच नाही दिसत." परतीची गाडी संध्याकाळची होती म्हणून बचावलो. दोन्ही बाजूंना पाणी, कठडा जवळजवळ नाहीच. सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि पूल संपल्यावर एक डोळा उघडून विचारलं, "झालं का?"

जुना पूल १९१४ चा. जहाज आलं की त्याचा मधला भाग दोन पाती उचलल्यासारखा उघडायचा. खाऱ्या वाऱ्याने लोखंड थकलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद झाल्या. नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तो तीन आठवड्यांचा होता. दोन किलोमीटरहून थोडा लांब. याचा मधला ७२.५ मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ वर जातो. आम्हाला शेजारी जुना पूलही दिसला. दिवसा बघायचा असेल तर रस्त्याच्या पुलावर जा. तो १९८८ मध्ये झाला, आणि त्यावरून रेल्वेचा पूल सगळ्यात छान दिसतो.

कोणत्या दिवसांत जावं?

दिवाळीच्या सुट्टीत नको. आपल्याकडे पाऊस संपला की त्यांच्याकडे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला पावसाळा, आणि वादळंही त्याच काळातली. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरे, पण शाळा सोडवत नाही. उरतो उन्हाळा. नागपूरच्या ४५ अंशांतून गेलेल्याला तिथले पस्तीस-छत्तीस म्हणजे चिखलदराच, असं समजून आम्ही गेलो. आकडा खरा आहे. पण आपलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की सुटका होते. तिथे सावलीतही अंगाला चिकटतं. सकाळी दहापर्यंत हिंडा, मग थेट चारनंतर बाहेर पडा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. १५ एप्रिल ते १४ जून त्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्यामुळे बोटी धक्क्याला ओळीने बांधलेल्या, आणि माणसं जाळी विणत, लाकूड तासत, रंग देत बसलेली. कलामांचे वडील जैनुलाब्दीन यांनी लाकडी होडी बांधायला घेतली, आणि ती आकाराला येताना बघत लहानगे कलाम तासन्‌तास बसायचे. होडी बांधणं म्हणजे काय ते मुलाला धक्क्यावर दाखवता आलं. चालू हंगामात ते जमलं नसतं.

देवळापासून घर किती लांब?

चालत दहा मिनिटं. कलामांनी स्वतः हेच अंतर सांगितलंय, आणि मुलाने घड्याळ लावून बघितलं तर आजीच्या गुडघ्यांसकट चौदा झाली. कृपा करून चालतच जा. देवळाच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलात की फुलांचा वास मागे पडतो, गल्ली अरुंद होते आणि बांगेचा आवाज जवळ येतो. या दहा मिनिटांसाठीच ते घर बघायचं, असं माझं मत झालंय. ऑटोने दारात उतरलात तर एक तीन मजली इमारत बघून परत याल.

रस्ता विचारताना "कलाम हाउस" म्हटलं की पुरे. तमिळमध्ये मशिदीला पळ्ळिवासल आणि रस्त्याला तेरु म्हणतात.

घरात बघायला काय आहे?

फार काही नाही, आणि भरपूर आहे. दोन्ही खरं.

अरुंद जिन्याने वर गेलं की संग्रहालय. भिंतींवर फोटो: आईवडील, भावंडं, विद्यार्थी कलाम, शास्त्रज्ञ कलाम, देशोदेशीच्या पाहुण्यांबरोबर राष्ट्रपती कलाम. पदव्या, सन्मानपत्रं, पुस्तकं. गर्दी मागून ढकलत असते, त्यामुळे प्रत्येक फोटोखालचं वाचायला मिळेलच असं नाही. आम्ही एक युक्ती केली. जाण्याआधी घरी मुलाकडून एका कागदावर फक्त पाच वर्षं लिहून घेतली: १९३१ जन्म, १९८० एसएलव्ही-३ रॉकेट, १९९७ भारतरत्न, २००२ राष्ट्रपती, २०१५ निधन. त्या कागदाशी जुळणारी चित्रं तो शोधत फिरला. पद्मभूषण १९८१ आणि पद्मविभूषण १९९० ही भर त्याने स्वतः घातली. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, त्या प्रकल्पाचे कलाम प्रमुख होते. त्या काळाच्या फोटोंपाशी तो सगळ्यात जास्त रेंगाळला. केस मात्र तेव्हाही तसेच, असं धाकटीचं निरीक्षण.

संग्रहालयाच्या वर दुकान आहे: शंख-शिंपल्यांच्या वस्तू, माळा, कीचेन. मला ते जरा खटकलं. राष्ट्रपतींच्या घरात दुकान? सासूबाईंना अजिबात खटकलं नाही. "लोकं राहत होती बाप्पा इथं, पोट भरत होती. घर काय नुसतं बघायला बांधतात का?" यावर मी गप्प बसले.

फोटो काढू देतात का?

बाहेर हवे तितके काढा. आत मोबाइल खिशात ठेवा. तसंही त्या जिन्यात सेल्फी काढणाऱ्याच्या मागे वीस माणसं अडकतात.

गुडघे दुखणाऱ्या माणसाने जावं का?

जिना चढवत असेल तर जावं, पण घाई करू नये. सकाळी लवकर गेलात तर मागे रांग कमी असते. वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री लॉजवाल्याला विचारून घ्या. शुक्रवारी दुपारी गल्लीत नमाजाची गर्दी असते, ती वेळ टाळा. सासूबाई एक मजला चढल्या, दुकानापर्यंत आल्या नाहीत. खाली समोरच्या दुकानातल्या बाईने न मागता स्टूल पुढे केलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आम्ही उतरलो तेव्हा सासूबाईंना त्या बाईची मुलं किती, लग्नं कोणाची झाली, सगळं माहीत होतं.

मुलांना कंटाळा येतो का?

नुसतं घर दाखवलं तर दहा मिनिटांत येतो. शाळेत १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटोला हार घालतात, दोन भाषणं होतात. त्यातून मुलांच्या मनात कलाम म्हणजे फोटोतले आजोबा. ते पोरगं कसं होतं ते गल्लीत उभं राहून सांगावं लागतं.

मी असं सांगितलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. रामेश्वर स्टेशनावर गाडीचं थांबणं बंद झालं, म्हणून वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वर आणि धनुष्कोडीच्या मधल्या रस्त्यावर चालत्या गाडीतून बाहेर फेकायचे. पेपर वाटणाऱ्या चुलतभावाला, शमसुद्दीनला, ते झेलायला कोणीतरी हवं होतं. ते काम कलामांना मिळालं. पहिली कमाई ती. पहाटे चारला उठून आंघोळ करून गणिताच्या शिकवणीला जायचं, मग नमाज आणि अरबीचे धडे, मग पेपर, मग शाळा. आंघोळ केल्याशिवाय गणिताचे गुरुजी वर्गात घेत नसत. एवढं ऐकून सहावीतल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो सातला तीन हाकांनी उठतो.

त्याच काळात चिंचोक्यांना अचानक मागणी आली. कलाम चिंचोके गोळा करून मशीद रस्त्यावरच्या दुकानात विकायचे, दिवसभराचे मिळून एक आणा. आपल्याकडची पोरं चिंचोक्यांनी खेळतात, विकत कोणी घेत नाही. मुलाने विचारलं, एक आणा म्हणजे किती? सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे सव्वासहा पैसे. त्याने त्या रस्त्यावरची दुकानं मोजली आणि ते दुकान कोणतं असेल यावर बहिणीशी वाद घातला. घरातली सगळी सन्मानपत्रं एकीकडे आणि हा वाद एकीकडे. नागपूरला आल्यावर त्याने मित्रांना सांगितला तो हा वाद.

धाकटीसाठी नारळ. कलामांचे वडील रोज पहाटे चारच्या नमाजानंतर चार मैल चालत आपल्या नारळाच्या बागेत जायचे आणि डझनभर नारळ खांद्यावर टाकून आणायचे. तिला रस्त्यावर एक शहाळं उचलायला दिलं. एकच. तिने लगेच खाली ठेवलं.

रॉकेट कुठं आहे?

घरी नाही. रॉकेट बघायचं असेल तर पेई करुम्बूला जा, गावापासून थोडं बाहेर. २७ जुलै २०१५ ला शिलाँगच्या आयआयएममध्ये व्याख्यान देता देता कलाम कोसळले आणि गेले. ३० जुलैला त्यांना इथे दफन केलं. त्या जागेवर डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने राष्ट्रीय स्मारक बांधलं, त्याचं उद्‌घाटन २७ जुलै २०१७ ला झालं. प्रवेशद्वार इंडिया गेटसारखं, घुमट राष्ट्रपती भवनासारखा, बाहेर अग्नी क्षेपणास्त्राची प्रतिकृती. आत वीणा वाजवणाऱ्या कलामांचा पुतळा आहे. ते खरंच वीणा वाजवायचे. आम्हाला मोबाइल बाहेर ठेवावे लागले, आणि ते बरंच झालं.

स्मारक भव्य आहे, स्वच्छ आहे, मुलांना आवडतं. दोन्हींतलं एकच बघायला वेळ असेल तर काय बघाल, असं कोणी विचारलं तर मी घर म्हणेन, मुलगा स्मारक म्हणेल. समाधीपाशी मात्र तोही चिडीचूप उभा होता. जाण्याआधी एक रविवार आपल्या रमण विज्ञान केंद्रात घाला. उपग्रह कक्षेत राहतो कसा हे तिथे समजावून घेतलेलं रामेश्वरला कामी येतं.

आधी देवदर्शन की आधी घर?

सासूबाईंनी हा प्रश्न घरी विचारलाच नाही, उत्तर दिलं. आधी देव.

रामेश्वरला आधी समुद्रात अग्नितीर्थावर स्नान, मग देवळाच्या आतल्या बावीस तीर्थांचं पाणी अंगावर, मग कोरडे कपडे घालून दर्शन. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. बावीस विहिरींना दोन तास सहज जातात. देवळाच्या ओवऱ्या संपता संपत नाहीत, बाहेरच्या ओवरीला १२१२ खांब. मुलं त्यांत हरवता हरवता राहिली. सकाळी हे सगळं उरकून त्याच दमात घरी जायचा बेत आम्ही केला होता, तो फसला. ओल्या कपड्यांच्या पिशव्या, भुकेली लेकरं आणि बाराचं ऊन. अर्ध्या वाटेतून लॉजवर परतलो. घर दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं.

आपल्याकडे काशी-रामेश्वर अशी जोडी आहे. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू काशीला न्यायची. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, ती गोष्ट सासूबाईंनी गाडीत दोनदा सांगितली. मग मी त्यांना कलामांच्या शिक्षकांची गोष्ट सांगितली. शिवसुब्रमण्य अय्यर, विज्ञान शिकवायचे, सनातनी ब्राह्मण. त्यांनी कलामांना घरी जेवायला बोलावलं. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मुसलमान मुलाला वाढायचं या कल्पनेने त्यांची बायको घाबरून गेली, तिने वाढलं नाही. अय्यर सरांनी स्वतःच्या हाताने वाढलं, शेजारी बसून जेवले, आणि निघताना पुढच्या शनिवार-रविवारचंही आमंत्रण दिलं. त्या वेळी बाईंनी कलामांना स्वयंपाकघरात नेऊन स्वतः वाढलं. सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा नाही वाढलं, ते मला समजते."

त्या घरात आणि देवळात काही संबंध होता का?

होता, आणि रोजचा होता. रामेश्वर देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री कलामांच्या वडिलांचे जिवलग मित्र. दोघं आपापल्या पारंपरिक वेषात बसून अध्यात्मावर बोलायचे. त्यांचा मुलगा रामनाथ शास्त्री कलामांच्या बाकावर. पाचवीत नव्या मास्तरांनी टोपीवाला मुलगा जानव्याशेजारी नको म्हणून कलामांना मागच्या बाकावर बसवलं. रामनाथ रडला. लक्ष्मण शास्त्रींनी मास्तरांना बोलावून खडसावलं, आणि मास्तर वरमले. सीताराम कल्याणाच्या उत्सवात देवळातून मूर्ती विवाहस्थळी, रामतीर्थाच्या मधोमध, न्यायला लागायच्या. त्या ज्या होड्यांतून जायच्या त्यांची व्यवस्था कलामांच्या घरची. ते तळं घराजवळच.

आणि एक, बायकांसाठी. मद्रासच्या एमआयटीत, म्हणजे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, प्रवेशाला हजारभर रुपये लागणार होते, वडिलांकडे नव्हते. बहीण जोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून पैसे उभे केले. फोटोंत घरची माणसं दिसली की हे आठवा.

सेवाग्रामच्या बापूकुटीसारखं आहे का?

नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. सेवाग्राम आपल्याला जवळ, वर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे दिवसभरात जाऊन येता येतं. तिथे माती, बांबू, कवेलू जसंच्या तसं सांभाळलंय, आवाज चढवायची हिंमत होत नाही. कलामांचं घर वाहत्या गल्लीत आहे. शांतता हवी असेल तर सेवाग्राम. मला दोन्ही हवी होती, आणि मुलांना आधी सेवाग्राम दाखवलेलं होतं म्हणून तुलनाही झाली.

आपल्या नागपूरचे कोणी राष्ट्रपती नाहीत का?

भिशीत हा प्रश्न फार येतो. महाराष्ट्राच्या प्रतिभाताई पाटील, २००७ मध्ये कलामांनंतर त्याच. नागपूरचं नातं मात्र न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांचं. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, मग देशाचे सरन्यायाधीश. १९६९ मध्ये २० जुलै ते २४ ऑगस्ट ते काळजीवाहू राष्ट्रपती होते. पस्तीस दिवस का होईना.

धनुष्कोडीला जावं का?

जावं, दिवस मावळायच्या आत परतायचं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने ते गाव पुसलं, पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट वाहून गेली. आता चर्चच्या आणि स्टेशनाच्या भिंती उभ्या आहेत, वाळूत. त्याआधी बोट मेल नावाची रेल्वेगाडी थेट तिथपर्यंत जायची आणि पुढे आगबोटीने सिलोन. पांबनचा पूलही त्या वादळात मोडला. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाताखाली तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला.

कलामांची गोष्ट धनुष्कोडीशिवाय अर्धीच राहते. वडिलांची होडी यात्रेकरूंना इकडेच ने-आण करायची, पेपरचे गठ्ठे याच रस्त्यावर पडायचे. जीपवाला पंधरा मिनिटांत आटपा म्हणेल. ऐकू नका.

खाण्याचं काय?

इडली, पोंगल, केळीच्या पानावरचा भात. तीन दिवस छान वाटतं, चौथ्या दिवशी नवऱ्याला तर्री पोहे आठवले. तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजके शेंगदाणे, चिवडा आणि लसणाची चटणी बरोबर ठेवा. संत्रा बर्फी उन्हाळ्यात नेऊ नका, चेन्नईपर्यंत तिचा लगदा झाला.

भाषेची अडचण?

रामेश्वरला नाही. यात्रेकरूंमुळे सगळे कामापुरती हिंदी बोलतात. बस स्टँडच्या पाट्या मात्र तमिळ.

ऑटोवाले फसवतात का?

सगळे नाही. एकाने आम्हाला स्टेशनावरच सांगितलं, कलामांचं घर आज बंद, त्याऐवजी पाच पॉइंट दाखवतो. घर उघडं होतं. दर आधी ठरवा, आणि "बंद आहे" हे दाराशी जाऊनच माना.

किती दिवस ठेवावे?

बेटावर पूर्ण दोन दिवस, प्रवास वेगळा. एक सकाळ देवळाला, दुसरी घराला, एक संध्याकाळ स्मारकाला, एक धनुष्कोडीला. म्हातारं माणूस बरोबर असेल तर तिसरा.

तिथून काय आणावं?

छोटे शिंपले आणा. पोवळ्याचे पांढरे तुकडे कोणी देऊ केले तर घेऊ नका. प्रवाळाची विक्री कायद्याने बंद आहे आणि समोरचं मन्नारचं आखात त्यासाठीच राखीव आहे. आम्ही माळ एक, नारळाच्या करवंटीची वाटी एक, आणि सासूबाईंची वाळू आणली. वाळू पाण्याच्या बाटलीत भरून देवघरात ठेवली आहे. मुलाने तिच्यावर "काशी" अशी चिठ्ठी चिकटवलीय. तिकिटं अजून काढायची आहेत.